त्रिशलाच्या नावाचं सिलिंडर

१३ जानेवारी १९७४, रविवार

कोल्हापूरची फौंड्रीतली नोकरी सोडल्याचं आज जयसिंगपूरला जाऊन सासऱ्यांना सांगितलं. तात्यासाहेब चिडतील असं वाटलं होतं. ते तंबाखूच्या पोत्याला टेकून नुसते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "रॉकेल मिळंना म्हणून लोक जनरेटर विकायला लागल्यात, आनि तुमी इकत घेतलासा?"

त्यांचं काही चुकत नाही. लग्नाच्या मांडवात दिवे लावायचा हा जनरेटर मला स्वस्तात मिळाला तो त्याचमुळे. पेट्रोलवर सुरू होतो आणि रॉकेलवर चालतो. सध्या पेट्रोल परवडत नाही आणि रॉकेल दिसत नाही. पण मी तो रॉकेलवर चालवणारच नाही, गॅसवर चालवणार. वाचनालयात एक इंग्रजी पुस्तिका मिळाली, तिच्यात चित्रं आहेत. अमेरिकेत शेतकरी ट्रॅक्टरसुद्धा प्रोपेनवर चालवतात. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. इंजिनाला त्याचं काय? त्याला जळणारं काहीतरी पाहिजे.

दिलदार मिस्त्रीही फौंड्री सोडून माझ्याबरोबर आला. मूळचा हुपरीचा. त्याच्याइतकं बारीक वेल्डिंग अख्ख्या उद्यमनगरात कुणी करत नाही.

सिलिंडर मात्र माझ्या बायकोच्या, त्रिशलाच्या नावाचं आहे. किती वर्षं नंबर लावून ठेवला होता, तो नेमका आता लागला. दोन बर्नरची शेगडीही घेऊन झाली होती. मी विचारलं तेव्हा ती चुलीसमोरच बसलेली होती. म्हणाली, "न्या की. एवढी वर्सं चुलीवर केलं, आनि थोडं दिवस करतो." शेगडी परत कागदात गुंडाळून फळीवर ठेवली.

२० जानेवारी

लागलं! गॅसवर इंजिन लागलं!

दिलदारनं कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळेची तोटी बसवली आणि तिच्यातून गॅस आत सोडला. आधी नुसतं खोकलं. मी गॅसची चावी थोडी ढिली करून पुन्हा हँडल मारलं, आणि धडधड सुरू. धूर नाही, काजळी नाही. माळेतले सगळे दिवे एकदम पेटले. दिलदार ओरडला, "अण्णा, दूध पिल्यागत पितंय की ह्ये!"

एवढ्यात त्रिशला पदराला हात पुसत घरातून पळत आली. "बंद करा आदी! वास यायलाय!"

मला वास येणं शक्यच नाही. सोळा वर्षांचा असताना इंजिनाचं हँडल उलटं फिरून तोंडावर बसलं होतं. नाक बरं झालं, वास गेला तो गेलाच. दिलदारचं नाक तपकिरीनं भरलेलं. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून आम्ही तपासणी केली होती, कुठं बुडबुडा नव्हता. त्रिशला खाली वाकली, नळीवरून नाक फिरवत गेली आणि एका नटावर बोट ठेवलं. परत फेस लावला, तर मोहरीएवढा बुडबुडा वर आला.

तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी ती. चिमूटभर तंबाखू हुंगून कुठल्या गावची ते सांगते. मी म्हणालो, "आता साबण कशाला पायजे? तुझ्या नाकावर धंदा उभा हाय आपला." दिलदारसमोर असं बोललो म्हणून लाजली. पण खूश झाली.

२ फेब्रुवारी

दिलदारच्या नात्यातल्या लग्नाला हुपरीला जनरेटर नेला. पहिलंच काम, म्हणून त्रिशलाही आली होती. इंजिनानं गॅस जोरात ओढला की सिलिंडर गार पडतं, त्यावर बर्फ धरतो आणि दाब उतरतो. मग सिलिंडर पाण्याच्या घमेल्यात उभं करावं लागतं. त्रिशलानं त्या पांढऱ्या बर्फावर बोटानं रेघ ओढली आणि बोट गालाला लावलं. लहान मुलीसारखी हसत होती.

आम्हाला मूल नाही. लोक विचारतात तेव्हा मी जनरेटरकडं बोट दाखवायला लागलोय.

११ फेब्रुवारी

आज दूध करपलं. करपलं म्हणजे भांडं काळं होईपर्यंत. शेजारच्या धोंडुबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय जळालंय गं त्रिशला?" आणि ही चुलीपासून हातभरावर बसून तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "लक्ष कुठं असतंय तुझं?"  भांड्याकडं बघत बसली. नंतर ते भांडं तिनं नाकाशी धरलेलं मी बघितलं.

शेगडीचा राग असावा. बोलून दाखवत नाही, पण असावा.

३ मार्च

कामं यायला लागलीत. रॉकेलवाले घरी बसलेत आणि आमची धडधड चालू आहे.

त्रिशलाचं डोकं दुखतंय. इंजिनाच्या आवाजानं दुखत असेल म्हणून गोळ्या आणून दिल्या. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. मी मुकाट्यानं खाल्ली.

१९ मार्च

दिलदारवर चिडलो. सकाळी घरामागच्या शेडात गेलो तर नळीच्या सगळ्या सांध्यांवर वाळलेला साबण. म्हणजे हा माझ्या माघारी फेस लावून तपासतो. मी विचारलं, "माझ्या बायकोच्या नाकावर भरवसा न्हाय काय तुझा?"

"आईशप्पथ अण्णा, मी हात लावल्याला न्हाय."

"मग काय भुतानं लावला?"

तो तपकिरीची डबी उघडून बसला. खोटं बोलायची गरज नव्हती त्याला. त्रिशला दारात उभी होती. सगळं ऐकून आत गेली.

आता ती पूर्वीसारखी धावत येत नाही. मी हाक मारून विचारतो, "वास हाय काय?" ती येते, वाकते आणि म्हणते, "न्हाय." सांधे पक्के बसले आता. एवढ्या दिवसांत एकदाही गळती नाही.

७ एप्रिल

सिलिंडर माझ्या अंदाजाच्या आधीच संपतं. मागच्या महिन्यात असं नव्हतं. इंजिन जास्त प्यायला लागलंय बहुतेक. पिस्टनच्या रिंगा बघायला पाहिजेत.

२१ एप्रिल

चंदना, माझी धाकटी मेहुणी, चार दिवस राहून आज जयसिंगपूरला परत गेली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, अक्काचं काय तरी बिघडलंय. सकाळपास्नं एका जागी बसती. डोस्कं इंचरत न्हाय. काल बस्तीच्या देवळात सगळी पूजेला बसल्याली आनि ही मोठ्यानं हासली. तिला डाक्टरला दावा."

मी म्हणालो, "रुसलीया माझ्यावर. तिचं सिलिंडर इंजिनाला लावलंय न्हवं."

"अक्का असल्या गोष्टीला रुसायची न्हाय."

"नवऱ्यावर रुसल्याली बायको तुला काय म्हायती?"

तिचं लग्न व्हायचंय अजून. तिनं पिशवी उचलली. पण दिसेनाशी होईपर्यंत मागं बघत होती. ही लगीनसराई संपली की दुसरं सिलिंडर मिळवायचं आणि त्रिशलाचं तिला परत द्यायचं. मग येईल ठिकाणावर.

साबणाचे डाग परत दिसले नाहीत. दिलदारला माझं बोलणं लागलेलं दिसतंय.

१२ मे, रविवार

 जे झालं ते लिहितो.

कुरुंदवाडला गणपतरावांच्या मुलीचं लग्न. मोठं काम, म्हणून त्रिशलालाही बरोबर नेलं होतं. गणपतराव म्हणाले, "तुमच्या इंजिनाच्या आवाजात मंगलाष्टका ऐकू यायच्या न्हाईत. मांडवामागं चुन्याचा खड्डा हाय, त्यात ठेवा." आम्ही जनरेटर खड्ड्यात उतरवला. सिलिंडर आणलं, नळी जोडली. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, हे मला ठाऊक होतं. पुस्तिकेत चित्र होतं. म्हणूनच मी तिला खड्ड्यात उतरवलं. ती अगदी खाली वाकली. मी विचारलं, "नीट बघ. वास हाय काय?"

"न्हाय."

"नक्की?"

"न्हाय म्हनलं न्हवं."

तिला हात देऊन वर घेतलं. मला मांडवातून बोलावणं आलं म्हणून खड्ड्यात उतरून हँडल दिलदारनं मारलं. फक्क असा आवाज झाला, मोठासुद्धा नाही. खड्ड्यातून निळा-पिवळा जाळ माणूसभर वर आला आणि गेला. त्यातून दिलदार बाहेर आला तो दोन्ही हात पुढं धरून. हातांची कातडी लोंबत होती.

लोकांनी गोणपाटं टाकली, मी चावी बंद केली. गणपतरावांच्याच जीपमधून सांगलीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो ओरडत नव्हता. "अण्णा, वैनींना लागलं न्हाय न्हवं?" एवढंच विचारत होता.

आम्ही निघालो तेव्हा त्रिशला मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. रडत नव्हती. काहीच करत नव्हती.

१४ मे

दिलदार वाचेल. हातांचं सांगता येत नाही. त्याची बायको नजीरा दवाखान्याच्या ओसरीत बसून असते. मी समोर गेलो की डोक्यावरचा पदर पुढं ओढते.

१६ मे

नळी उघडली. रेग्युलेटरजवळचा रबर तडकलेला होता. आज-कालचा नाही, जुना. म्हणजे कितीतरी दिवस गळत होतं, आणि ही रोज "न्हाय" म्हणत होती.

मी तिला समोर बसवून विचारलं. "तुला वास आला हुता का न्हवता? खरं सांग. शेगडीसाठी केलंस काय ह्ये? माझं बंद पडावं म्हणून?" ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तोंडाकडंही नाही, कानाच्या बाजूला कुठंतरी. म्हणाली, "चूल पेटवू काय?"

माणूस होरपळून पडलाय आणि हिला चूल सुचते.

उद्या जयसिंगपूरला पोचवणार. राहू दे बापाकडं.

१७ मे

पोचवली.  उतरताना तिचा पायरीवरचा पाय चुकला, कंडक्टरनं धरलं. तात्यासाहेबांना मी म्हणालो, "हिला ठेवून घ्या." त्यांनी कारण विचारलं नाही. तिनं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. मी न पिता निघालो.

२ जून

दिलदारला अजून दवाखान्यातच ठेवलंय. बोटं चिकटू नयेत म्हणून वेगवेगळी बांधलीत. सांगलीहून जयसिंगपूर किती लांब आहे? अर्ध्या तासाची एसटी. मी गेलो नाही.

२० जून

आज चंदना एकटीच आली. उंबऱ्यातच म्हणाली, "दाजी, अक्काला दिसंना झालंय. दाराच्या चौकटीवर जाऊन आदळती. मिरजेच्या डाक्टरनी नवऱ्याला घिऊन या म्हनून सांगितलंय. येतासा का न्हाय तेवडं बोला."

२३ जून

मिरजेहून आलो.

तरुण डॉक्टर होते. त्यांनी त्रिशलाला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरली. "काय आहे?" ती म्हणाली, "पानी." दुसरी, तिसरी. "पानी." डॉक्टरांनी मला सांगितलं, कापूर होता, लवंग होती, शेवटचं रॉकेल होतं. मग तीच बाटली माझ्यापुढं धरून म्हणाले, "तुम्हाला येतो ना वास?" मी म्हणालो, "मलाबी येत न्हाय." त्यांना ती चेष्टा वाटली. रागावून माझ्याकडं बघितलं.

त्यांनी तिला विचारलं, "बाई, वास कधीपासून येत नाही?"

ती सरळ बोलली. "शिमग्याच्या म्हैनाभर आदीपास्नं कायच न्हाय. त्याच्या आदी थोडा थोडा यायचा."

नाकाच्या वर, कवटीच्या आत गाठ आहे. दोन-तीन वर्षं तरी वाढत असणार. आधी वास जातो, डोकं दुखतं, मग माणूस गप्प होतं, कशात मन राहत नाही, नको तिथं हसतं. शेवटी डोळे जातात. डॉक्टर एकेक विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो. दूध करपलं होतं का? होय. स्वयंपाकात चुका? होय. एका जागी बसून राहणं? होय. "मग तुम्हाला काही वाटलं नाही?"

मी म्हणालो, "रुसलीया असं वाटलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आता उमगलं, साबण तिचा होता. दिलदारनं लावलाच नव्हता. वास येईना तेव्हा ही मी नसताना फेस घेऊन एकेक सांधा बघत होती. आणि पुढं तेही तिच्या डोक्यातून निघून गेलं.

४ जुलै, मुंबई

ऑपरेशन इथंच होणार. तात्यासाहेब आणि चंदना धर्मशाळेत उतरलेत. मी वॉर्डाबाहेर असतो.

सूज उतरायचं इंजेक्शन देतात, त्यानं ती थोडी उमललीय. आज मला हाक मारली. "आवो, हिकडं बसा." डोक्यावरचे केस काढलेत. मी हात हातात घेतला. दिसत नाही म्हणून ती माझी बोटं चाचपून बघत होती.

म्हणाली, "तुमाला एवडी वर्सं कसं वाटत हुतं वो? कशालाच वास न्हाय म्हंजे?"

"सवय झाली हुती."

"मला लई भ्या वाटलं. दूध करपल्यालं भांडं नाकाला लावलं, तर कायच न्हाय. वाटलं, ह्ये सपान हाय."

"मग सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"तुमी म्हनलासा न्हवं, नाकावर धंदा उभा हाय म्हनून. सांगितलं असतं तर इंजिन बंद करून परत फौंड्रीत गेला असता." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी असं कधी हासला न्हवतासा. इंजिन लागलं त्या दिवशी हासलासा तसं."

मी खरंच बंद केलं असतं का? का तिलाच म्हणालो असतो, सर्दी झालीय, दोन दिवसांत येईल वास? 

मी म्हणालो, "माझं चुकलं त्रिशला."

तिनं ऐकलं का कळलं नाही. विचारत होती, "दिलदारभावजींचं हात कसं हायत?"

९ जुलै

ऑपरेशन झालं. गाठ लिंबाएवढी होती, बरीचशी काढली म्हणाले. शुद्धीवर आली. पाणी मागितलं. चंदनाला नावानं ओळखलं. मी हाक मारली तर "हूं" म्हणाली.

११ जुलै

ताप चढलाय.

१३ जुलै

त्रिशला पहाटे गेली.

१४ जुलै

इथंच अग्नी दिला. तिला गावाकडं न्यायची सोय होण्यासारखी नव्हती. तात्यासाहेबांनी णमोकार मंत्र सुरू केला आणि मध्येच विसरले. पुढचा चंदनानं म्हटला.

११ ऑगस्ट

कोल्हापुरात एकटा आहे. चंदना येऊन त्रिशलाची ट्रंक आवरून गेली. एक साडी तोंडावर दाबून धरली आणि म्हणाली, "दाजी, अजून अक्काचा वास हाय हो हिला." माझ्या हातात दिली. मी बराच वेळ नाकाशी धरून बसलो. मग घडी करून तिला परत दिली. तू ने म्हणालो, तुला उपयोग होईल.

पाऊस संपला की जनरेटर घ्यायला एक गिऱ्हाईक येणार आहे. तोटी आणि नळी काढून टाकली. रॉकेलवर चालवायचाय त्यांना.

१ सप्टेंबर, रविवार

हुपरीला दिलदारकडं गेलो. मुंबईहून आल्यापासून आज पहिल्यांदाच. त्याला त्रिशला गेल्याचं कळलं होतं, कशानं ते ठाऊक नव्हतं.

जोत्यावर बसला होता. हात बरे झालेत, पण डाव्या हाताची बोटं उघडत नाहीत, उजव्याची वळत नाहीत. नजीरानं चहा दिला. तो दोन्ही मनगटांत कप धरून प्यायला लागला, तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. मग त्याला सगळं सांगितलं. गाठ, वास, साबण. "तू फेस लावला न्हवतास. मी तुला खोटारडा ठरवला," म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला.  मग नजीराच बोलली. "भावजी, वैनी दवाखान्यात आलत्या."

मला कळेना. "कधी?"

"तुमी त्यास्नी जयसिंगपूरला सोडल्यावर. एकल्याच आलत्या एसटीनं. कुनाकुनाला इच्यारत आल्या. धडपडल्या असतील वाटंत, कोपराला रगत हुतं. चार मोसंबी आनलीती पदरात बांदून."

दिलदार मान खाली घालून म्हणाला, "मी भिताडाकडं तोंड केलं अण्णा. त्या हाक मारत हुत्या, 'दिलदारभावजी, दिलदारभावजी,' म्हनून. मी झोपल्याचं सोंग केलं. माज्या मनात हुतं, हिच्यापायी माजं हात गेलं. त्या लई वेळ हुब्या हुत्या. मग नजीराच्या हातात मोसंबी दिली आनि गेल्या."

"दाराला ठेचाळल्या जाताना," नजीरा म्हणाली. "वारडातल्या बायका हासल्या."

  त्यानं भिंतीकडं तोंड केलं, मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवून निघालो. दोघांनी तिला तेच सांगितलं.

दिलदार डोळे पुसायला लागला, पण बोटं वळत नाहीत, म्हणून मनगटानं पुसत होता. म्हणाला, "मला घिऊन चला अण्णा. जितं ठेवलंय तितं. मापी मागून येतो."

"मुंबईत झालं सगळं," मी म्हणालो.

"मग मुंबईला जाऊ या."

"तितं कायच न्हाय दिलदार. आमच्यात जाळत्यात. राख बी तितंच राहिली."

 गल्लीत कुणीतरी चांदीच्या पैंजणाला ठोके घालत होतं, त्याचा आवाज येत होता. दिलदार म्हणाला, "आमच्यात कबर असती. जाऊन बसता येतंय. काय बोलायचं ऱ्हायल्यालं असलं तर बोलता येतंय." मग माझ्याकडं वळून अगदी मनापासून विचारलं, "तुमी लोक कुटं जातासा?"

 नजीरानं कप उचलले. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत मी त्याच्या शेजारी जोत्यावर बसून राहिलो.